किद्दूशचा पेला किती मोठा हवा?

प्रश्न : आजीचा चांदीचा पेला आमच्याकडे तीन पिढ्या शब्बाथच्या (ज्यूंच्या साप्ताहिक पवित्र दिवसाच्या) किद्दूशला, म्हणजे वाइनच्या पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वापरात आहे. इस्रायलहून आलेल्या भाच्याने मोजलं, तर त्यात १०० मिली मावतात. तो म्हणतो १५० हवेत. पेला बदलू का?

मुळीच बदलू नका. तलमूदमध्ये (ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात) मिलिलिटर नाहीत. तिथलं माप आहे रेविईत, म्हणजे 'लोग' या जुन्या द्रवमापाचा चौथा हिस्सा. ते दोन तऱ्हांनी सांगितलंय: एक, कोंबडीच्या दीड अंड्याइतकं, दुसरं, अंगठ्याच्या रुंदीने दोन बोटं लांब, दोन बोटं रुंद आणि २.७ बोटं खोल. दोन्ही सारखी यायला हवीत. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) येहेज्केल लांडाऊ यांनी ताळा घेतला, तेव्हा अंड्याचं माप बोटांच्या मापाच्या जेमतेम निम्मं भरलं. अंडीच लहान झाली असावीत, असं त्यांनी ठरवलं, आणि तिथून दोन हिशेब सुरू झाले.

विसाव्या शतकात रब्बी हाईम नाए यांनी बोट २ सेंटिमीटरचं धरलं. रेविईत आलं ८६.४ मिली. हाझोन ईश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बींच्या मताने बोट २.४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १५० मिली. बोटात फरक चार मिलिमीटरचा, पण लांबी-रुंदी-खोली तिन्हींत तो गुणला जातो, म्हणून पेला पावणेदोनपट होतो. हिब्रू अक्षरांच्या अंकगणितात 'कोस' (पेला) या शब्दाची बेरीज ८६ येते आणि 'कोस हागून' (साजेसा पेला) याची १५०; दोन्ही पक्ष आपापला आकडा कौतुकाने दाखवतात.

तुमचा पेला ८६ला पुरून उरतो. शुक्रवारच्या रात्रीच्या किद्दूशचं मूळ थेट तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, असल्याने त्या वेळी मोठं माप घ्यावं, असं सांगणारे थोर रब्बी आहेत. भाच्याला ते पाळायचं असेल तर त्याच्या किद्दूशला मोठा पेला जरूर ठेवा. पण आजीचा किद्दूश अपुरा होता, असं त्याला म्हणू देऊ नका. ते खरं नाही.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. पूर्ण पेला संपवायलाच हवा का?

नाही. पेला भरलेला हवा, पिणं गालभर पुरतं, म्हणजे रेविईतच्या निम्म्याहून थोडं जास्त; लहान हिशेबाने साधारण ४४ मिली. तेही वडिलांनीच प्यायला हवं असं नाही, ऐकणाऱ्यांपैकी कुणी प्यायलं तरी चालतं. पेसाह (वल्हांडण) सणाच्या रात्री प्यायच्या चार पेल्यांना मात्र ज्याने त्याने प्यायचं असतं, आणि तिथे पेल्यातलं निम्म्याहून जास्त संपवणं चांगलं. म्हणून त्या रात्री त्यांना ८६ मिलीचाच लहान पेला द्या. साखरेचं डॉक्टरांना आधी विचारा.

प्रश्न : अलिबागकडच्या आमच्या घरी किद्दूशला काळ्या मनुकांचं सरबत करतात. परदेशातले नातेवाईक म्हणतात, ही वाइन नव्हे.

ती वाइनच धरली जाते. शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात मनुकांच्या वाइनवर किद्दूश स्पष्ट मान्य आहे, आणि ताज्या द्राक्षांचा घड पिळून त्या रसावर किद्दूश म्हणावा, हे तर तलमूदमध्येच आहे. मद्यार्काची अट नाही. ज्या कोकणात कोशेर (ज्यू नियमांनुसार चालणारी) वाइन पिढ्यान्‌पिढ्या मिळत नव्हती, तिथे बेने इस्रायलींनी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंनी, शब्बाथ या सरबतावर टिकवला. मला या पेल्याचा फार आदर वाटतो.

अट एकच, ती नीट पाळा. मनुका भिजवण्याआधी दाबून पाहा. ओल सुटली पाहिजे. खडखडीत वाळलेल्या, भिजवल्यावरच रस देणाऱ्या मनुका चालत नाहीत. पाण्याच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त मनुका घ्या, हातांनी चांगल्या कुस्करा आणि फडक्यातून गाळा.