पायपीट वसूल होईल का?

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न एका ओळीचा होता. ‘ताई, लेबर डेच्या तीन दिवसांत शिकागो वर्थ आहे का, की सरळ व्हेगासचं तिकीट काढू?’ मीही एका ओळीत ‘जा’ म्हटलं असतं, तर तू मैत्रिणींच्या त्या व्हॅनमध्ये बसून सकाळी गेली असतीस आणि रात्री परत आली असतीस. ते टाळायचं म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे. चहा घेऊन बस.

कंपनीच्या कामासाठी इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला ऑनसाइट आलेली आपली मंडळी शिकागो कसं ‘करतात’ ते मला पाठ आहे. मीही तसंच केलं होतं. २००५ साल, मेअखेरचा लाँग वीकेंड, सहा जण, भाड्याची व्हॅन. पहाटे पाचला निघालो, डब्यात थेपले. सिअर्स टॉवरच्या रांगेत दुपार गेली. नेव्ही पिअरवर आइस्क्रीम खाल्लं. मिलेनियम पार्कातला तो नावाजलेला ‘बीन’, म्हणजे घेवड्याच्या दाण्यासारखं स्टीलचं भलंमोठं शिल्प, बघायला गेलो, तर त्यावर तंबू! आत पत्र्यांचे सांधे घासायचं काम चालू होतं. आम्ही तंबूसमोर ओळीत उभं राहून फोटो काढला. मग डिव्हॉन अॅव्हेन्यूला पाणीपुरी खायची घाई, आणि गाडीपाशी येऊन बघतो तर गाडी नाही. पाटी नीट न वाचता लावली होती, उचलून नेली. ती सोडवून घरी पोचायला पहाटेचे तीन वाजले. पुढे पाच वर्षं मी लोकांना सांगत होते, ‘शिकागो पाहिलंय, काही विशेष नाही. मुंबईसारखंच, फक्त स्वच्छ.’

ते मत माझं नव्हतं, त्या व्हॅनचं होतं. २०१० च्या ऑक्टोबरात ऑफिसच्या कामाने परत जावं लागलं. काम दोन दिवसांत संपलं, परतीचं तिकीट मात्र चौथ्या दिवसाचं होतं. दोन दिवस एकटी चालले. खरं शिकागो तेव्हा पाहिलं.

‘वर्थ’ म्हणजे तुला काय विचारायचंय ते आधी ठरव. पैसे वसूल झाले का, हा एक प्रश्न. माझी आई कुठूनही आली की दुसराच विचारायची, ‘पायपीट वसूल झाली का?’ पैशांच्या हिशोबात शिकागो काही स्वस्त नाही. लेबर डेला हॉटेलच्या खोलीचे रात्रीचे दोनशे डॉलर सहज जातात आणि वर सतरा टक्क्यांपेक्षा जास्त टॅक्स. बुकिंगच्या पहिल्या पानावर तो दिसत नाही, शेवटच्या पानावर दिसतो. गाडी नेलीस तर पार्किंगवाला खोलीइतका नाही, पण जेवणाइतका नक्की घेईल. तुला डोंगर हवे असतील, रात्रभर झगमगाट हवा असेल, किंवा घरी पाठवायला चार फोटो पुरेसे असतील, तर तीन दिवस तिथे घालवू नकोस. जानेवारीत जायचं म्हणाली असतीस तर मी सरळ नाही म्हटलं असतं. मिशिगन तळ्यावरून येणारा तो वारा स्वेटरला जुमानत नाही.

पण तू सिव्हिलची डिग्री घेऊन कोडिंगला आलेली मुलगी आहेस. पुण्यात ट्रेनिंगला असताना मेट्रोचं काम बघायला जेवणाच्या सुट्टीत पुलाखाली जाऊन उभी राहायचीस, ते मी विसरलेले नाही. तुझी पायपीट तिथे वसूल होईल.

कारण ते शहर म्हणजे एक मोठी साइटच आहे. १८७१ च्या ऑक्टोबरात लागलेल्या आगीत गावाचा मधला भाग जळून गेला, लाखभर माणसं बेघर झाली. जळका राडारोडा तळ्यात लोटला, आणि आज ग्रँट पार्कच्या हिरवळीवर आपण बसतो त्यातली काही जमीन त्या भरावाची आहे. पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतीची सुरुवात बरेच जण इथल्याच १८८५ च्या होम इन्शुरन्स बिल्डिंगपासून मोजतात. ती १९३१ मध्ये पाडली, शोधत बसू नकोस. आणि नदीची गोष्ट तर तुला आवडेलच. शिकागो नदी मिशिगन तळ्याला मिळायची. गावाची सगळी घाण ती तळ्यात नेऊन सोडायची आणि गाव पाणी प्यायचं त्याच तळ्याचं. मग ह्या लोकांनी अठ्ठावीस मैलांचा कालवा खणला आणि १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. आता ती तळ्यापासून दूर, मिसिसिपीच्या दिशेने वाहते. नदी उलटी फिरवणं आपल्याकडे संतांच्या चमत्कारात बसलं असतं. इथे ते ड्रेनेज खात्याचं काम होतं.

म्हणून एकाच गोष्टीवर हात सैल सोडून खर्च कर. दीड तासाची आर्किटेक्चर बोट टूर. नदीवरून जाते, माहिती सांगणारा माणूस बरोबर असतो. टॉवरवर चढण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण टॉवरवर गेलं की टॉवरच दिसत नाही. सिअर्स टॉवर (आता नाव विलिस आहे, पण जुनी माणसं सिअर्सच म्हणतात) खालूनच बघ. १९७३ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या ११० मजली इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर होता फझलुर रहमान खान, मूळचा ढाक्याचा. पंचाहत्तर फुटी चौकोनाच्या नऊ नळ्या त्याने एकमेकींना बांधल्या, उदबत्त्यांचा जुडगा बांधावा तशा. एकटी उदबत्ती वाऱ्याने वाकते, जुडगा वाकत नाही. मग वर जाताना एकेक नळी थांबवली. दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि शेवटपर्यंत दोनच जातात. बोटीतून त्या पायऱ्या मोजून बघ.

बीनवरचा तंबू आता गेलेला आहे. तो बनवणारा अनिश कपूर जन्माने मुंबईचा. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून घासले, २००६ मध्ये काम पुरं झालं. २०१० मध्ये मी त्याच्या पोटाखाली उभी राहिले. वर बघितलं तर मीच चार ठिकाणी, लांबट, वाकडी, आणि आजूबाजूची अनोळखी माणसं माझ्या खांद्यातून उगवल्यासारखी. सगळे आपापलं प्रतिबिंब शोधत होते. मी मात्र सांधा शोधत होते. माझे वडील लालबागच्या गिरणीत फिटर होते, त्यांनी आधी तेच केलं असतं. बोट फिरवलं, नख फिरवलं. सांधा लागला नाही. सकाळी लवकर जा, नंतर तिथे जत्रा असते.

वडिलांवरून आठवलं, आणि तुला शिकागोला पाठवण्याचं माझं खरं कारणही हेच. पहिली मे आमच्या घरी दोनदा साजरी व्हायची. सकाळी महाराष्ट्र दिन, रेडिओवर भाषण. मग वडील युनियनच्या मोर्चाला जायचे, तो कामगार दिन. अमेरिकेत पहिल्या वर्षी एक मेला मी टीममधल्या एका गोऱ्या सहकाऱ्याला विचारलं, ‘आज सुट्टी नाही?’ तो म्हणाला, ‘कसली?’ आणि हा दिवस सुरू झाला तो तुझ्यापासून अडीच तासांवर! १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकाभर संप झाला, शिकागोत सगळ्यात मोठा. ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकाजवळ सभा चालू होती, पोलीस ती मोडायला आले आणि कोणीतरी बॉम्ब फेकला. कोणी, ते आजपर्यंत ठरलेलं नाही. पोलीस मेले, कामगार मेले. आठ जणांवर खटला चालला आणि पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला चौघांना फाशी दिली. १८८९ मध्ये पॅरिसच्या समाजवादी परिषदेने एक मे जगाचा कामगार दिन ठरवला. अमेरिकेने मात्र १८९४ मध्ये सप्टेंबरचा पहिला सोमवार धरला. त्याच दिवसांत शिकागोच्या पुलमन या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याचा संप चालू होता, रेल्वे ठप्प होती. तू ज्या सुट्टीचा प्लॅन करते आहेस ती सुट्टी ही अशी आली.

युनियन स्टेशनला उतरलीस की हेमार्केटची जागा दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे, डेसप्लेन्स स्ट्रीटवर. बघायला काही भव्य नाही हे आधीच सांगते. फुटपाथवर लालसर रंगाचं एक शिल्प, गाडीवर उभं राहून बोलणारी माणसं. सभेत भाषणं अशाच एका गाडीवरून झाली होती. खालच्या चौथऱ्यावर देशोदेशींच्या युनियननी बसवलेल्या छोट्या पाट्या. मी गेले तेव्हा एक माणूस त्याला टेकून सँडविच खात होता. मला वाटलं, ठीकच आहे, जेवणाच्या सुट्टीसाठीच तर सगळं होतं.

आर्ट इन्स्टिट्यूट या चित्रसंग्रहालयाला निदान अर्धा दिवस ठेव. मंगळवार-बुधवारी बंद असतं, तुला अडचण नाही. हॉपरचं ‘नाइटहॉक्स’ आणि सरा या चित्रकाराचं ठिपक्यांचं ते प्रचंड चित्र ही दोन नीट बघ, बाकी पाय नेतील तिकडे. १८९३ ची सर्वधर्मपरिषद ह्याच इमारतीत भरली होती. विवेकानंद सगळ्यांना माहीत असतात, पण त्याच व्यासपीठावर ब्राह्मो समाजातर्फे मुंबईचे बी. बी. नगरकरही बोलले होते, त्यांचं नाव कोणी घेत नाही. माझ्या २०१० च्या खेपेला मुंबईच्या जितिश कल्लाटने तिथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांचं ११ सप्टेंबरचं भाषण दिव्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं. अक्षरांचे पाच रंग, अमेरिकन सरकारच्या दहशतवाद-इशाऱ्याचे. एकेक वाक्य वाचत मी जिना चढले, आणि मागच्या लोकांचा खोळंबा केला.

आता एकटीने जाण्याबद्दल, कारण तुझ्या आईचा फोन मला आधीच येऊन गेला. शिकागोच्या गुन्हेगारीच्या बातम्या खोट्या नाहीत. पण त्यातल्या बऱ्याचशा दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या काही वस्त्यांतल्या असतात. दक्षिणेतल्या राज्यांतून आलेल्या काळ्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या त्या वस्त्यांबाहेर घर मिळू दिलं नाही, कर्ज मिळू दिलं नाही. त्याची किंमत तिथलीच माणसं भोगतात, तुझ्यासारखी पाहुणी क्वचित. तू शहराच्या मधल्या भागात, लूप किंवा रिव्हर नॉर्थमध्ये राहा. लूपमध्ये एक मोठं युथ हॉस्टेल आहे, एकटीला तेच बरं. रात्री उशिरा ‘एल’ने, म्हणजे तिथल्या लोकलने, आलीस तर ड्रायव्हरच्या पहिल्या डब्यात बस, दारापाशी फोन हातात धरून उभी राहू नकोस. मुंबईच्या लोकलने कॉलेजला गेलेल्या मुलीला याहून जास्त काय सांगू?

व्हॅन सोडून दे. ब्लूमिंग्टनला लागून असलेल्या नॉर्मलहून अॅमट्रॅकची रेल्वे पकड. (गावाला नॉर्मल का म्हणतात माहितीये? तिथे शिक्षकांना तयार करणारी ‘नॉर्मल स्कूल’ होती. आपल्याकडेही जुनी माणसं ट्रेनिंग कॉलेजला हाच शब्द वापरायची.) शुक्रवारी संध्याकाळी निघ, सोमवारी दुपारी परत ये. तीन रात्री मिळतात. डिव्हॉनला जायचा मोह होईल. रेड लाइनने लोयोला आणि पुढे १५५ नंबरची बस, अर्धा दिवस जातो. घरची फारच आठवण आली तरच जा. डीप डिश पिझ्झा शाकाहारी मिळतो. ऑर्डर दिल्यावर पाऊण तास लागतो आणि एक तुकडा खाल्ला की दुपार झोपेत जाते, म्हणून रात्री खा. त्या वीकेंडला मिलेनियम पार्कात जॅझ फेस्टिव्हल असतो, हिरवळीवर चादर टाकून फुकट ऐकायचं. मला जॅझमधलं काही कळत नाही, तरी दोन तास बसले असते.

एक संध्याकाळ मात्र तळ्यासाठी मोकळी ठेव. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, आणि तरी खारा वास नाही. गिरगाव चौपाटीवर वाढलेल्या नाकाला ते पटत नाही. मी दोनदा पाणी चाखून बघितलं. काठाने अठरा मैलांची वाट आहे आणि बहुतेक सगळा काठ लोकांसाठी मोकळा. एवढी महाग जमीन बिल्डरच्या हाती न जाऊ देण्यासाठी इथल्या लोकांनी कोर्टात भांडणं केलीत. मुंबईकराने ते बघावं आणि गप्प बसावं.

तिकीट ह्या आठवड्यातच काढ, लेबर डेच्या गाड्या भरतात. जॅकेट ने, सप्टेंबर असला तरी. आणि माझं एक काम कर. हेमार्केटच्या चौथऱ्यावरच्या पाट्या मला त्या दिवशी सगळ्या वाचता आल्या नाहीत, पाऊस आला. फिरून बघ, त्यात आपल्याकडच्या एखाद्या युनियनची आहे का. असली तर फोटो पाठव.

तुझी,
ताई