जवळचा रस्ता सापडतो, तरी वायर अडते ती का?

प्रश्न : मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी ओपनलेन या चिप डिझाइनच्या मोफत टूलमध्ये, स्काय-१३० या चिप बनवण्याच्या प्रक्रियेवर छोटी चिप करतेय. दोन पिनांमधल्या वायरला लीच्या अल्गोरिदमने रस्ता असेल तर सापडतोच, तोही सगळ्यात जवळचा, असं सरांनी शिकवलं. मग टूल कंजेशनचा, म्हणजे वायरींच्या गर्दीचा, एरर देऊन थांबतं कसं?

उत्तर : सरांचं बरोबरच आहे, पण ती हमी एका नेटपुरती, म्हणजे ठरावीक पिना जोडणाऱ्या एका वायरपुरती. बेल लॅब्जच्या सी. वाय. ली यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत जागेच्या चौकटी पाडून एका पिनपासून शेजारच्या चौकटींत १, त्यांच्या शेजारी २ असे आकडे भरत दुसऱ्या पिनपर्यंत जाते आणि उतरत्या आकड्यांवरून मागे येते. पुढच्या नेटचं काय होईल, याचा विचार तिच्यात नाही.

वहीवर ५ × ५ चौकटी आखा. ‘अ’ नेटच्या पिना तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात. ‘ब’च्या पिना तिसऱ्या रकान्यात, अगदी वर आणि अगदी खाली. लेयर, म्हणजे वायरींचा थर, एकच; त्यामुळे एक वायर दुसरीला ओलांडू शकत नाही. आधी ‘अ’ टाकलीत तर ती सरळ जाते आणि ‘ब’ पहिल्या रकान्यातून वळसा घालून पोचते. ४ ऐवजी ८ पावलं पडतात, पण पोचते. आता आधी ‘ब’ टाकून बघा. ती नाकासमोर खाली उतरते, तिसरा रकाना भरतो आणि ‘अ’च्या दोन पिनांमध्ये भिंत उभी राहते. दोन्ही वेळा अल्गोरिदम अचूक चालला, फरक फक्त क्रमाचा.

चिपवर लेयर जास्त असतात. स्काय-१३० मध्ये पहिला मेटल (धातूच्या वायरींचा थर) आडवा, दुसरा उभा, असे आलटून पालटून पाच. त्यामुळे नेट एकमेकींना ओलांडतात. पण ट्रॅक, म्हणजे वायर जाण्याच्या आखीव ओळी, मोजकेच, आणि दोन लेयर जोडणारा प्रत्येक व्हायाही जागा खातो. म्हणून राउटिंग, म्हणजे वायरींचे रस्ते ठरवणं, दोन टप्प्यांत होतं. आधी ग्लोबल राउटिंग: चिपचे मोठे चौकोन पाडून कुठून किती वायर जाऊ शकतील याचा हिशोब. नेमके ट्रॅक डीटेल्ड राउटिंगमध्ये ठरतात.

क्रमाच्या अडचणीवर मला सगळ्यात सुंदर वाटणारा तोडगा १९९५ चा, मॅकमर्ची आणि एबेलिंग यांचा पाथफाइंडर हा अल्गोरिदम. तो एफपीजीएसाठी, म्हणजे बनवल्यानंतर हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपसाठी, होता. सुरुवातीला सगळ्या नेटना हवा तो रस्ता घेऊ द्यायचा, एकाच जागी गर्दी झाली तरी चालेल. मग गर्दीच्या जागेचा भाव वाढवायचा आणि सगळ्या नेट पुन्हा टाकायच्या. जिला दुसरा रस्ता परवडतो ती बाजूला होते, जिला पर्यायच नाही ती चढा भाव देऊन तिथेच राहते. जिथे वारंवार गर्दी झाली, त्या जागेचा भाव पुढच्या फेऱ्यांतही चढाच राहतो. चिपच्या ग्लोबल राउटिंगमध्येही पुढे हाच विचार आला.

पण ट्रॅकच कमी असतील तर भाव वाढवून नवे ट्रॅक येणार नाहीत. मी फिजिकल डिझाइनमध्ये काम करते; राउटिंग अडलं की मी आधी प्लेसमेंट, म्हणजे चिपवरच्या भागांची मांडणी, उघडते. तुम्हीही ग्लोबल राउटिंगच्या लॉगमधला तक्ता बघा, प्रत्येक लेयरपुढे ओव्हरफ्लो, म्हणजे मावत नसलेल्या वायरींचा आकडा, दिलेला असतो. सगळीकडेच गर्दी असेल तर कोअर युटिलायझेशन (चिपच्या मधल्या जागेपैकी सेलनी व्यापलेला भाग) कमी करून पुन्हा चालवा. गर्दी एखाद्या मेमरीच्या तयार ब्लॉकच्या कडेलाच असेल तर अख्खी चिप मोठी करू नका. मेमरी फिरवून तिच्या पिना मोकळ्या बाजूला आणा आणि भोवती सेल (लॉजिकचे छोटे तयार तुकडे) बसणार नाहीत एवढी जागा राखा.