वाचकांचे प्रश्न : मुहूर्ताआधीची नोटीस

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त गेली काही वर्षे पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. त्याचे लग्न वसईच्या एका ख्रिस्ती मुलीशी ठरले आहे. कोणीही धर्म बदलायचा नाही, यावर दोन्ही घरांचे एकमत आहे. नाशिकला आमच्या घराजवळचे मंगल कार्यालय १४ डिसेंबरसाठी ठरवून आगाऊ रक्कमही भरली आहे. विवाह अधिकाऱ्यांनी तेथे येऊन सर्वांसमक्ष सह्या घ्याव्यात, अशी इच्छा आहे. अर्ज केव्हा व कोठे करावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे आधी तारीख, मग कार्यालय, मग पत्रिका आणि सर्वांत शेवटी सरकारी कागद, असा क्रम असतो. आपल्या मुलाचा विवाह, धर्म न बदलता लग्न करू देणाऱ्या विशेष विवाह कायदा, १९५४ खाली होणार असल्याने हा क्रम उलटा करावा लागेल, कारण या कायद्यात विवाहाआधी नोटीस देणे बंधनकारक आहे आणि ती कोठे द्यायची, हे वधूवरांच्या सोयीवर सोडलेले नाही. दोघांपैकी किमान एक जण नोटिशीच्या तारखेआधी सलग तीस दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेच ती द्यावी लागते. आपल्या चिरंजीवांच्या आधारकार्डावर नाशिकचा पत्ता असला, तरी वास्तव्य पुण्याचे आहे. तेव्हा नोटीस पुण्यात जाईल, आणि पुण्याचे अधिकारी नाशिकच्या मंगल कार्यालयात येणार नाहीत. कार्यालयाबाहेर विवाह लावण्याची मुभा कायद्यात आहे, त्यासाठी जादा शुल्कही ठरलेले आहे, मात्र ते ठिकाण अधिकाऱ्याच्या कार्यालयापासून वाजवी अंतरावर असावे लागते.

यातून दोनच वाटा निघतात. एक तर पुण्यात आधी सह्या करून १४ तारखेला नाशिकला स्वागत समारंभ करावा, नाहीतर मुलाने किंवा सुनेने खरोखरच तीस दिवस नाशिकला राहून तेथे नोटीस द्यावी. माझे मत विचाराल तर पहिली वाट धरावी. दुसरीसाठी घरून काम करण्याची परवानगी, वास्तव्याचा पुरावा आणि नोटिशीनंतरचे आणखी तीस दिवस, एवढे सगळे जुळवावे लागेल.

आता दिवसांचा हिशोब, कारण बहुतेक घरे येथेच अडखळतात. नोटीस दिल्यावर अधिकारी तिची प्रत कार्यालयातील फलकावर लावतात. दोघांपैकी कोणाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर तेथील अधिकाऱ्याकडेही प्रत जाते. आपल्या बाबतीत ती नाशिक व पालघर या दोन्ही जिल्ह्यांत लागेल, हे नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेले बरे. विवाहाला कोणी हरकत घेण्यासाठीचे तीस दिवस नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून मोजले जातात, तर तिची तीन महिन्यांची मुदत नोटीस दिल्याच्या तारखेपासून चालू होते. समजा, नोटीस ३ नोव्हेंबरला दिली आणि त्याच दिवशी फलकावर लागली, तर ३ डिसेंबरनंतर विवाह लागू शकतो आणि ३ फेब्रुवारीच्या आत तो लागला पाहिजे. फार लवकर उरकून टाकू म्हणून कोणी ऑगस्टमध्येच नोटीस दिली, तर डिसेंबर उजाडेपर्यंत ती बाद झालेली असते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

हरकत कोणीही घेऊ शकतो, या कल्पनेने घाबरून जाऊ नये. पहिला जोडीदार हयात असणे, वराचे वय २१ किंवा वधूचे १८ पूर्ण नसणे, मानसिक आजारामुळे वैध संमती देता न येणे आणि निषिद्ध नाते, म्हणजे कायद्याने लग्नाला मनाई असलेले जवळचे नाते, एवढीच कारणे ग्राह्य धरली जातात. काकांना हे स्थळ पसंत नाही, ही हरकत होत नाही. हरकत आलीच, तर अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते आणि ती खोडसाळ ठरली तर हरकत घेणाऱ्यावर एक हजार रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. ही रक्कम १९५४ सालच्या मानाने मोठी असेल, आज तिचा धाक कोणाला वाटणार, हा प्रश्नच आहे.

सह्यांच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगणे भाग आहे. घरात वडिलोपार्जित शेती किंवा वाडा सामाईक असेल, तर अशा आंतरधर्मीय विवाहाने हिंदू वर कायद्याच्या दृष्टीने एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जाते. त्याचा हिस्सा बुडत नाही, पण त्याच्या मालमत्तेच्या वारशाला पुढे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. नोटिशीआधी वकिलाशी एकदा बोलून घ्यावे.

प्रश्न : मुलीचे लग्न न्यू जर्सीत, एडिसनजवळच्या मंदिरात आहे. गुरुजी म्हणतात, लायसन्स दाखवल्याशिवाय विधी लावणार नाही. हे काय प्रकरण आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गुरुजींचे बरोबर आहे. तेथे विधीआधी परवाना घ्यावा लागतो. वधू किंवा वर न्यू जर्सीत जेथे राहतात, त्या गावाच्या निबंधकाकडे दोघांनी एका सज्ञान साक्षीदारासह अर्ज करायचा, त्यानंतर ७२ तास थांबायचे आणि परवाना हाती आल्यापासून तीस दिवसांत लग्न लावायचे. विधीच्या वेळी दोन साक्षीदार असावेत. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात थांबण्याचा काळ २४ तासांचा आणि मुदत ६० दिवसांची आहे, परंतु तेथला परवाना न्यू जर्सीतल्या मंदिरात चालत नाही. भारतातील कामांसाठी विवाह प्रमाणपत्राच्या प्रमाणित प्रतीवर तेथूनच अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीचा सरकारी दाखला, करून घ्यावे.

प्रश्न : आम्ही दोघेही हिंदू आहोत. व्हिसासाठी आत्ता फक्त नोंदणी करून मे महिन्यात विधीवत लग्न केले तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हिंदू विवाह कायद्याखाली चालणार नाही. त्या कायद्यात आधी नोटीस लागत नाही, पण नोंदणी ही झालेल्या लग्नाची असते. सप्तपदीसारखे विधी झालेच नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. घाई असेल तर दोन पर्याय आहेत : मोजक्या माणसांत विधी आत्ताच उरकून नोंदणी करावी आणि मेमध्ये समारंभ करावा, किंवा विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी. दोघेही हिंदू असल्याने वर सांगितलेल्या वारशाच्या तरतुदी आपल्याला लागू होणार नाहीत. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख महिन्याभराच्या आतली असेल, तर मात्र पहिला पर्यायच हाती उरतो.