व्यायाम पहाटेच करावा का? संध्याकाळचा व्यायाम वाया जातो का?

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. पहाटे केलेला व्यायामच अंगी लागतो असे आपल्याला घरच्यांनी सांगितले आहे, आणि प्रयत्न करूनही आपल्याला पहाटे उठणे जमत नाही. म्हणून संध्याकाळी कामावरून सुटल्यावर केलेला व्यायाम उपयोगाचा ठरेल का, असे आपण विचारता. तो पूर्णपणे उपयोगाचा ठरेल. हे मी आग्रहाने सांगतो, कारण पहाटेच्या हट्टापायी माझी स्वतःची कित्येक वर्षे व्यायामाविना गेली. आठवडाभर गजर लावून उठायचो, पुढच्या आठवड्यात झोप पुरी न झाल्यामुळे थकून जायचो आणि मग सगळेच सोडून द्यायचो. संध्याकाळी व्यायाम करता येईल हे मनाला पटल्यावर मात्र त्यात खंड पडला नाही.

वेळेचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही, असे नाही. आपल्या शरीराचे तापमान नेहमीच्या जाग येण्याच्या साधारण दोन तास आधी सर्वांत कमी असते, दिवस चढेल तसे ते हळूहळू वाढते आणि दुपार कलल्यावर, बहुतेकांच्या बाबतीत ४ ते ७ च्या सुमारास, सर्वाधिक होते. हा फरक जेमतेम अर्धा ते एक अंश सेल्सिअसचा असतो, तरी त्यामुळे स्नायू सैल होतात, सांधे मोकळे होतात आणि वजन उचलणे किंवा वेगाने धावणे यांसारख्या कामांत पहाटेपेक्षा थोडी अधिक ताकद लागू करता येते. म्हणजे निव्वळ ताकदीचा विचार केला तर संध्याकाळचे पारडे किंचित जड आहे. परंतु हा फरक थोड्या टक्क्यांचा असतो, आणि जो माणूस काही आठवडे नेमाने सकाळीच सराव करतो त्याच्या बाबतीत तो आणखी कमी होतो, कारण शरीर त्या वेळेला सरावते. त्यामुळे ज्याला सकाळच्या शर्यतीत धावायचे आहे त्याने सराव सकाळीच करावा. इतरांनी या फरकाची चिंता करण्याचे कारण नाही.

उपाशीपोटी व्यायाम केल्याने चरबी जास्त जळते, हेही अनेकदा सांगितले जाते. त्या वेळेपुरते ते खरे आहे. पण दिवसभराचे खाणे तेवढेच राहिले तर वजनावर त्याचा वेगळा परिणाम दिसत नाही.

घड्याळाकडे खरोखर लक्ष द्यावे अशा काही परिस्थिती मात्र आहेत, आणि माझ्या मते पहाट की संध्याकाळ या वादापेक्षा त्या अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली मधुमेहाची. जेवणानंतर रक्तातील साखर वाढते आणि त्याच सुमारास चालायला लागले की काम करणारे स्नायू ती साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेऊ शकतात. म्हणून जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे साधे चालणेसुद्धा साखरेची उसळी कमी करते. आपल्या घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांना ही वेळ अवश्य सुचवा. मात्र जे इन्सुलिन घेतात किंवा साखर फार खाली जाऊ शकेल अशा गोळ्या घेतात, त्यांनी व्यायामाची वेळ आणि औषधाची मात्रा यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालावा, आणि उपाशीपोटी जोराचा व्यायाम परस्पर सुरू करू नये.

दुसरी परिस्थिती पाठीची आहे. रात्रभर आडवे राहिल्यामुळे मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात, आणि म्हणूनच सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा किंचित जास्त भरते. अशा ताठरलेल्या चकत्यांवर उठल्याउठल्या कमरेतून खोल वाकण्याचा ताण अधिक पडतो. ज्यांची कंबर दुखते त्यांनी सकाळी व्यायाम करायचाच असेल तर जाग आल्यानंतर निदान तासभर वाकून वजन उचलणे किंवा पायाचे अंगठे धरणे टाळावे आणि तोवर चालून घ्यावे. ही साधी गोष्ट मला उशिरा कळली, आणि ती पाळू लागल्यापासून माझ्या पाठीची कुरकुर बरीच कमी झाली आहे.

हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे. जाग आल्यानंतर रक्तदाब वेगाने वाढतो आणि हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या तासांत तुलनेने अधिक येतात. म्हणून त्यांना सकाळ वर्ज्य आहे असे नव्हे, पण अंथरुणातून उठून थेट धावायला न लागता अंग सावकाश तापवणे त्यांच्यासाठी अधिक गरजेचे आहे.

राहिला झोपेचा प्रश्न. संध्याकाळच्या व्यायामाने झोप उडते ही भीती बहुतेकांच्या बाबतीत निराधार आहे. केवळ झोपण्यापूर्वीच्या शेवटच्या तासात दम लागेल असा जोरकस व्यायाम केला तर झोप लागायला उशीर होऊ शकतो. उलट, पहाटेच्या व्यायामासाठी रोजच झोपेतून तासभर कापला जात असेल, तर ते नुकसान मला मोठे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. ही मिनिटे दिवसाच्या कोणत्या प्रहरी भरावीत, अशी अट त्यात घातलेली नाही. म्हणून आपण आपला आठवडा समोर मांडून इतकेच पाहावे की, कोणत्या तासावर इतर कोणाचा हक्क सर्वांत कमी वेळा सांगितला जातो. आपण लिहिल्याप्रमाणे तो तास कामावरून सुटल्यानंतरचा दिसतो. तसे असेल तर घरी जाऊन बसण्यापूर्वीच व्यायाम उरकावा, दुपारचे जेवण लवकर होत असेल तर व्यायामाच्या तासभर आधी काहीतरी हलके खावे, आणि ज्या दिवशी कामाला उशीर होईल त्या दिवशी जेवणानंतर पंधरा मिनिटे चालून यावे.