संगीत कंपनीत इंटर्नशिप: गाणाऱ्या मुलीनं आधी काय शिकावं?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गांधर्व महाविद्यालयाची ‘मध्यमा पूर्ण’ ही गाण्याची परीक्षा झाली आहे. मुंबईत एखाद्या म्युझिक कंपनीत इंटर्नशिप केली की ओळखी होतील आणि गायला मिळेल, असं तिला वाटतं. तिनं एक जाहिरातही शोधली आहे: २५ हजार रुपये भरा, दोन महिन्यांची इंटर्नशिप करा, प्रमाणपत्र मिळेल आणि एक गाणं रेकॉर्ड करून देऊ. पैसे भरावेत का, मुलगी एकटी तिथे सुरक्षित राहील का आणि बीकॉमचा या क्षेत्रात काही उपयोग आहे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

नमस्कार.

पैसे भरू नका. इंटर्नशिपमध्ये कंपनी तुमच्या मुलीकडून काम करून घेते. कंपनी पैसे देते, नाहीतर फुकट काम करायला लावते, पण पैसे घेत नाही. पैसे मागितले की तो क्लास झाला. क्लास लावण्यात गैर काही नाही, पण मग तो क्लास म्हणून तपासायला हवा: शिकवणार कोण, किती तास, गाण्याचं वादन आणि मिक्सिंग कोण करणार आणि तयार गाण्याची मालकी कोणाची. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अशा योजनांमध्ये मुलांच्या पैशानं गाणं होतं आणि हक्क मात्र कंपनीकडे राहतात, असं करारातलं बारीक कलम बऱ्याचदा सांगतं.

आता गाण्याचं. म्युझिक लेबलमध्ये, म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीत, इंटर्न ज्या टेबलावर बसते, तिथून गायक निवडले जात नाहीत. गायक निवडतो संगीतकार, आणि तो आपल्या ओळखीतल्या, रियाज पक्का असलेल्या, तासाभरात गाणं उचलणाऱ्या आवाजांना बोलावतो. तुमच्या मुलीला गायिकाच व्हायचं असेल तर तिनं हे दोन महिने गुरूंकडे घालवावेत, माइकवर गायचा सराव करावा आणि संगीतकारांसाठी स्क्रॅच, म्हणजे गाण्याचा कच्चा नमुना, गाऊन द्यावा. तो वेगळा रस्ता आहे. पण गाण्याच्या व्यवसायात काम करावं असं तिला खरोखर वाटत असेल, तर हिशेब कळणारी आणि तयार कान असलेली मुलगी तिथे दुर्मीळ असते. हे मी तुमचं मन राखण्यासाठी म्हणत नाही. लेबलच्या रॉयल्टी आणि हक्कांच्या विभागात आकड्यांची माणसं असतात, पण त्यांना अभंगाची चाल आणि बंदिश यातला फरक कळत नाही. गाणं कळणाऱ्यांना स्टेटमेंट वाचता येत नाही. बीकॉमचा उपयोग तिथे आहे.

त्या टेबलावर नेमकं काय काम असतं ते सांगतो, कारण तिला हेच कोणी सांगितलेलं नसेल.

सुरुवात मेटाडेटापासून होते. गाणं ऑनलाइन जाण्याआधी त्याची एक शीट भरावी लागते: शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत, गायक, संगीतकार, गीतकार, संगीत संयोजक, भाषा, कालावधी, ध्वनिमुद्रणाचा मालक, रचनेचा मालक. सोबत डब्ल्यूएव्ही फाइल, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ किंवा २४ बिट. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा वेबसाइटचा पत्ता नको, नाहीतर परत येतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख म्हणून १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड लागतो. नवा मिक्स किंवा नवं व्हर्जन असेल तर कोड नवा. पण तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या वितरकाकडून, म्हणजे गाणी ऐकवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर ती पोचवणाऱ्या कंपनीकडून, पुन्हा चढवताना कोड जुनाच ठेवायचा. इंटर्न घाईत नवा कोड घेते आणि आधीच्या ऐकणाऱ्यांचा सगळा आकडा नव्या नोंदीवर शून्य होतो.

दुसरी नेहमीची चूक नावांची. एकाच संगीतकाराचं नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलं की प्लॅटफॉर्मवर त्याची तीन वेगळी पानं तयार होतात. गीतकाराचं नाव गाळलं तर त्याहून वाईट. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांच्या हक्कांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी आयपीआरएस ही संस्था नोंदीवरूनच पैसे पोचवते, आणि नाव नसेल तर पैसे कुणाच्याही खात्यात न जाता पडून राहतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा पक्का केला आहे. तो त्यांना लिहून देऊन सोडताही येत नाही. पण कायदा भक्कम असला तरी शीटमधला रकाना रिकामा असेल तर कवीच्या घरी पैसा जात नाही. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण ते मन लावून करणाऱ्या मुलांबद्दल मला फार आदर आहे.

मराठीत आणखी एक खास गोंधळ आहे. अभंग आला की शीटमध्ये ‘पारंपरिक’ लिहून मोकळं व्हायची सवय. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत हे खरं. चाल मात्र तशी नसते. श्रीनिवास खळे यांनी तुकोबांच्या अभंगांना दिलेल्या चाली घ्या. खळे २०११ मध्ये गेले. भारतात रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे त्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. त्या चालीवर नवं ध्वनिमुद्रण करायचं तर हक्कधारकाचा परवाना लागतो. जुनं ध्वनिमुद्रण वापरायचं तर त्याच्या मालकाचा वेगळा. एका गाण्यात रचना आणि ध्वनिमुद्रण असे दोन हक्क असतात, हे ज्या मुलीला पहिल्या दिवशी सांगावं लागत नाही, तिला दुसऱ्या आठवड्यात खरं काम मिळतं.

त्यानंतर एक्सेल. रॉयल्टीचं स्टेटमेंट सीएसव्ही फाइलमध्ये येतं, हजारो ओळींचं: प्लॅटफॉर्म, देश, आयएसआरसी, किती वेळा ऐकलं, किती रक्कम. फाइल थेट दुहेरी क्लिकनं उघडली की दोन घोटाळे होतात. अल्बमचा १२-१३ आकडी यूपीसी कोड एक्सेल संख्या समजून घातांकात दाखवतं, सुरुवातीचं शून्य गिळतं, आणि तशीच फाइल सेव्ह केली की मूळ कोड परत मिळत नाही. देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हं येतात. उपाय सोपा आहे: फाइल ‘डेटा’ टॅबमधून आणायची, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडायचं, कोडचे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवायचे. नंतर बेरजा गटवार मांडणारं पिव्होट टेबल आणि एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं व्हीलुकअप. एवढं तिला घरी महिनाभरात जमेल.

वेळेचं गणितही समजून घ्या. मराठी संगीतात उन्हाळ्याची सुट्टी अगदी योग्य आहे, कारण मे-जूनमध्ये आषाढीची आणि गणपतीची गाणी तयार होत असतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी ते सिस्टीममध्ये हवं. शहाणी लेबलं ३ ते ४ आठवडे हातात ठेवतात. शीटमध्ये चूक निघाली, कव्हर परत आलं, संगीतकारानं शेवटच्या क्षणी मिक्स बदलला, की हे आठवडे भराभर संपतात. आषाढीचं गाणं एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आलं तर त्याचा उपयोग पुढच्या वर्षीच.

लाइव्ह कार्यक्रमांच्या कंपन्या आणि स्टुडिओ हे दुसरे दोन पर्याय. लाइव्हचा हंगाम साधारण नवरात्रापासून फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे नेमका कॉलेजच्या सत्रात येतो. तिथे इंटर्न परवान्यांच्या फाइली सांभाळते, कलाकारांचा प्रवास पाहते, इनपुट लिस्ट, म्हणजे कोणत्या गायक-वाद्याला मिक्सरवर किती चॅनेल लागतील याची यादी, तपासते. भावगीतांच्या साध्या कार्यक्रमाची लिस्ट घ्या: गायक २, पेटी १, तबला २, ढोलकी २, कीबोर्ड २, ऑक्टोपॅड २, बासरी १, टाळ १, निवेदक १, म्हणजे १४ चॅनेल. आयोजकानं स्वस्त पडतो म्हणून १२ चॅनेलचा मिक्सर मागवला असेल तर ते आदल्या दिवशी कागदावर कळायला हवं, साउंडचेकला नव्हे. खुल्या मैदानात रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकारनं सूट दिलेल्या मोजक्या दिवशी, वर्षातून जास्तीत जास्त १५, तो मध्यरात्रीपर्यंत चालतो. त्यामुळे कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला तर शेवटची तीन गाणी जातात.

स्टुडिओत पहिले कित्येक दिवस केबल गुंडाळणं, फाइलींना नावं देणं आणि बॅकअप घेणं हेच असतं. गाणं ४४.१ वर आणि चित्रपटाचा आवाज ४८ किलोहर्ट्‌झवर चालतो. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजवली की गाणं जलद होतं आणि सूर जवळपास दीड पट्टी वर चढतो. तुमच्या मुलीचा कान हे लगेच पकडेल. तरीही बीकॉमच्या मुलीसाठी मी लेबल किंवा रॉयल्टीचं काम आधी सुचवीन.

अर्ज कसा करावा? ‘मला लहानपणापासून संगीताची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. ते काढा. त्याऐवजी तिनं एक नमुना तयार करावा. ज्या लेबलला अर्ज करायचा आहे, त्याची दहा जुनी मराठी गाणी निवडावीत. प्लॅटफॉर्मवर दिलेली नावं जुन्या कॅसेटच्या वेष्टणाशी किंवा रेकॉर्डच्या कव्हरशी ताडून पाहावीत. गीतकार गाळलेला आहे का, नाव चुकीचं आहे का, ‘पारंपरिक’ खोटं लिहिलंय का, हे एका शीटमध्ये मांडावं: सध्याची नोंद, योग्य नोंद, पुरावा. ईमेल सहा-सात ओळींचा, सोबत एक पानी बायोडेटा आणि ही शीट. सूर तक्रारीचा नको, ‘हे काम मला करता येतं’ एवढाच. शिवाय सांगलीतल्या एखाद्या कीर्तनकाराचं किंवा नव्या गायकाचं एखादं गाणं, त्याच्या लेखी परवानगीनं, वितरकामार्फत स्वतः प्रसिद्ध करून पाहावं. त्यात होणाऱ्या चुका कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकवतील.

निवड झाली की लेखी पत्र घ्या. त्यात कालावधी, कामाचे तास, कुणाच्या हाताखाली काम, मानधन किती आणि ते तिच्या खात्यात कधी जमा होणार, हे हवं. कॉलेजच्या ऑन जॉब ट्रेनिंगला हे धरायचं असेल तर आधीच प्राध्यापकांशी बोला. एका क्रेडिटला ३० तास या हिशेबानं ४ क्रेडिटला १२० तास होतात, म्हणजे रोज ८ तासांचे १५ दिवस. कंपनी मात्र दोन महिने मागेल, कारण पहिले १५ दिवस तिला शिकवण्यातच जातात. दोन्ही मान्य असल्याचं आधी ठरवून घ्या आणि तासांची वही दर आठवड्याला सही करून घ्या. शेवटच्या दिवशी सही करणारा माणूस शूटिंगला गेलेला असतो.

मानधन थोडं असतं, कधी शून्य. अंधेरी-गोरेगाव भागात पीजीतली खाट, जेवण आणि लोकल धरून महिन्याला १५ ते २० हजारांची तयारी ठेवा. विनामोबदला काम दोन महिन्यांपुढे लांबू देऊ नका. तिथून पुढे ती शिकत नसते, त्यांची एक जागा फुकट भरत असते.

सुरक्षिततेचा प्रश्न तुम्ही थोडा संकोचानं विचारला आहे. संकोच नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ आणि विनामोबदला काम करणाऱ्या मुलींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, लहान कंपनीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत करायची असते. समितीवर कोण आहे, हे तिनं मुलाखतीतच शांतपणे विचारावं. उत्तर देताना कोणी चिडलं तर ती जागा सोडावी. मुलाखत कार्यालयातच, दिवसा. रात्रीचं सेशन असेल तर परतीची गाडी कंपनीची, हे पत्रात घ्या.

गाणारी मुलगी म्हणून एक जादा काळजी. कुणीतरी तिला स्क्रॅच गायला सांगेलच. तिनं जरूर गावं. त्याच संध्याकाळी मात्र एक ईमेल पाठवावा: आज अमुक गाण्याचा स्क्रॅच गायला, अंतिम गाण्यात हा आवाज ठेवायचा असेल तर श्रेय आणि मानधनाचा वेगळा करार करू. आणि अजून प्रसिद्ध न झालेल्या गाण्याची दहा सेकंदंही स्टेटसला टाकायची नाहीत. त्यावर इंटर्नशिप त्याच दिवशी संपते.

आता नमुन्याच्या शीटला डिसेंबरअखेरपर्यंत वेळ द्या. अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत, एकावेळी आठ-दहा ठिकाणी, मुंबईबरोबर पुण्यातही. दहा दिवसांनी एकदाच आठवण करून द्यावी. एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठूनच होकार नाही आला तर सांगलीतच थांबून तिथल्या कार्यक्रमांच्या आयोजकाकडे किंवा विष्णुदास भावे नाट्यमंदिरात प्रयोग लावणाऱ्या संस्थेकडे काम मागावं. त्यांच्या तिकीटविक्रीचा आणि कलाकारांच्या मानधनाचा हिशेब तिनं दोन महिने सांभाळला, तर पुढच्या वर्षीच्या अर्जात लिहायला तेच सर्वांत वजनदार ठरेल.