कोकणात घर बांधतोयस? आधी चिरा बघ

अरे सिमेंट ब्लॉकची ऑर्डर जरा थांबव, आधी जवळच्या चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे (बांधकामाचे ठोकळे) काढतात तिथे, जाऊन ये. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की हळूहळू कडक होतो, म्हणून ताजा चिरा लगेच लावू नकोस, थोडे दिवस रचून ठेव. पिवळ्या मातीचे मोठे डाग असतील तो बाजूला काढ. प्लास्टर करायचंच असेल तर चुन्याचं कर, सिमेंटमुळे भिंतीतली ओल आतच अडकते. आणि स्लॅबचा हट्ट खरंच नको, उतरती कौलं, वळचण चांगली बाहेर काढलेली आणि पश्चिमेला पडवी असली की पावसाची झड भिंतीपर्यंत फारशी येत नाही, वर पावसाळ्यात पडवीला झावळ्यांचे झाप बांधायचे, मला तर ते फार आवडतं. गावातल्या जुन्या गवंड्याला साइटवर ने, पाणी कुठून वाहतं ते बघून जोतं (घराचा चौथरा) किती उचलायचं ते तो सांगेल.