'ओपन-माइंडेड'ला मराठीत 'मनमोकळी' म्हणता येईल का?

मुलीच्या स्थळासाठी माहिती लिहिताना 'ओपन-माइंडेड'ऐवजी 'मनमोकळी' चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नको, अर्थ बदलतो.

मनमोकळी म्हणजे मनातलं बोलून टाकणारी. मोकळ्या मनाची म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं मनात येऊ देणारी. शब्द तेच दोन, क्रम तेवढा उलटा. भरभरून बोलणारी, पण समोरच्याचं अक्षरही ऐकून न घेणारी माणसं प्रत्येकाच्या नात्यात असतात. ती मनमोकळी खरी, मोकळ्या मनाची नव्हेत. तुम्हाला हवा तो दुसरा शब्द. 'खुल्या विचारांची' हेही आता रुळलंय.

'उदारमतवादी' म्हटलं की रानडे-गोखल्यांचं राजकारण डोळ्यांपुढे येतं. 'सहिष्णू' तर इथे मुळीच नको. त्यात 'सह्' धातू आहे, म्हणजे सोसणं. मुलगी सगळं सोसेल, असं कुणी वाचायला नको. 'दिलदार' हा सढळ हाताच्या माणसाला शोभतो.

खरं तर हा गुण मराठीत विशेषणापेक्षा क्रियापदातून जास्त नेमका सांगता येतो, तोही 'घेणे' जोडून. ऐकणं वेगळं, ऐकून घेणं वेगळं. एखादी गोष्ट आपोआप समजते. माणूस मात्र समजून घ्यावा लागतो. सामावून घेणं, सांभाळून घेणं यांत आपण होऊन पुढे केलेला हात आहे. 'चालवून घेणं' यात तो नाही, तिथे नाइलाज आहे. आणि 'जुळवून घेणारी' कृपा करून लिहू नका. स्थळांच्या भाषेत त्याचा अर्थ 'उलट न बोलणारी' असाच लावला जातो.

माझ्या भावाने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा घरात दोन दिवस वाद चालला होता. आजी शाळेत गेलेली नव्हती, यातला एकही मोठा शब्द तिला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, "आधी माप ओलांडून आत येऊ दे पोरीला. मग बोला काय ते." तिच्या या वाक्यातला 'येऊ दे' मला या सगळ्या शब्दांहून जवळचा वाटतो.

तुम्ही लिहा : 'मोकळ्या मनाची, दुसऱ्याची बाजू ऐकून घेणारी.' आणि खाली मुलाबद्दलच्या अपेक्षांतही हीच ओळ घाला.